क्लॉक्स_पर_सेकचा टाइप दुरुस्त करताना: सी लायब्ररीतल्या एका हजाराची गोष्ट

३० सेकंद लावले की मोटर बरोबर ३० सेकंदांनी चालू होते. ४० लावले तर चालूच होत नाही. ७० लावले तर लाईट आल्यावर साडेचार सेकंदांत सुरू. शेतकरी म्हणतो टायमर वेडा झालाय, वायरमन म्हणतो कार्ड बदला. कार्ड बदलून काही होत नाही, कारण कार्ड चांगलं आहे. कार्डातल्या प्रोग्रॅमच्या लायब्ररीच्या हेडरमध्ये (व्याख्यांच्या फाइलीत) वेळेच्या एका स्थिरांकाचा, क्लॉक्स_पर_सेकचा, टाइप चुकलाय, म्हणजे ती संख्या किती बिटांत आणि कशी धरायची ते. किंमत बरोबर आहे, १०००. चुकलाय तो फक्त टाइप.

अंबड, घनसावंगी, पैठण या मोसंबीच्या पट्ट्यात ऑटो स्विच काय करतो हे सांगायला नको: लाईट आली की मोटर आपोआप चालू करतो. शेतीच्या फीडरला लाईट पाळीने येते, बरेचदा रात्रीची, आणि एका डीपीवर बऱ्याच मोटरी असतात. इंडक्शन मोटर थेट लाईनवर सुरू होताना नेहमीच्या करंटच्या पाच-सात पट करंट ओढते. सगळ्या एकदम उठल्या तर डीपीचे फ्यूज जातात. म्हणून प्रत्येकाने आपल्या पॅनेलमध्ये वेगवेगळा डिले लावायचा असतो: कोणी २०, कोणी ४०, कोणी ७०. म्हणजे हा डिले चुकला तर त्रास एकट्या मालकाला होत नाही, अख्ख्या डीपीला होतो.

उदाहरणासाठी असंच एक कंट्रोलर कार्ड धरू. चिप अ‍ॅटमेगा३२८पी, एव्हीआर कुळातली, अर्डुइनो उनोवर असते तीच. कोड सी भाषेत, कंपायलर एव्हीआर-जीसीसी, आणि वेळ मोजायला स्वतः लिहिलेली छोटी लायब्ररी. ती स्वतः का लिहावी लागते? कारण एव्हीआर-लिबसी या प्रमाण लायब्ररीत वेळ मोजणारं क्लॉक() फंक्शन, त्या वेळेचा क्लॉक_टी टाइप आणि क्लॉक्स_पर_सेक मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी किंमत बसते असं नाव) हे तिन्ही जाणूनबुजून दिलेले नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम नसेल तिथे हे काम अ‍ॅप्लिकेशनचं, अशी त्यांची भूमिका आहे. मग प्रत्येक टीम आपापलं हेडर लिहिते आणि तिथेच घोळ होतो.

एक सोय आधी सांगून ठेवतो. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या फाइलीत ती रोमन अक्षरांत असतील, आणि मॅक्रोंची नावं सगळी कॅपिटलमध्ये.

पायरी १: टाइप कोण ठरवतं ते नक्की करा

सी भाषेचं मानक याबाबत स्पष्ट आहे. सी११ च्या ७.२७.१ कलमात क्लॉक्स_पर_सेक म्हणजे क्लॉक_टी टाइपची एक्स्प्रेशन असं लिहिलंय. क्लॉक() जी संख्या परत करतं ती एका सेकंदात किती वाढते, ते ती सांगते. इंट किंवा लाँग (पूर्णांकांचे टाइप) नाही, डबल (अपूर्णांकांचा) नाही. क्लॉक_टी जे असेल ते. आणि क्लॉक_टी काय असावं हे मात्र मानक लायब्ररीवर सोडतं. तो संख्यात्मक टाइप असला की झालं.

हे नियम सगळेच पाळतात असं नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं टर्बो सी आठवा. त्याच्या हेडरमध्ये हा स्थिरांक १८.२ आहे, म्हणजे सरळ डबल. जुन्या पीसीच्या टायमरची ११,९३,१८२ हर्ट्झची फ्रिक्वेन्सी ६५,५३६ ने भागली की सेकंदाला १८.२ टिक येतात, तोच आकडा त्यांनी उचलून ठेवला. परिणाम असा की क्लॉक() भागिले स्थिरांक केलं की उत्तर अपूर्णांकात येतं आणि %एफ ने छान छापलं जातं. तोच प्रोग्रॅम जीसीसीवर नेला की पूर्णांक भागाकार होतो, वरचा अपूर्णांक गळतो आणि %एफ समोर लाँग आल्यामुळे स्क्रीनवर काहीही छापलं जातं. पोरं म्हणतात लिनक्स बिघडलंय.

लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीत हा स्थिरांक पूर्वी एल प्रत्यय (म्हणजे टाइप लाँग) लावलेला १०,००,००० होता. आता त्यावर क्लॉक_टीचा कास्ट (टाइप बदलून घेण्याची खूण) आहे. कारण रास्त होतं: एक्स३२ या जोडणीत लाँग ३२ बिटांचा आणि क्लॉक_टी ६४ बिटांचा, म्हणजे एल लावून टाइप जुळत नाही. मसल लायब्ररीत अजून एल प्रत्ययच आहे, पण तिथे क्लॉक_टी लाँगच असल्यामुळे तो योग्य आहे. विंडोजवर १००० आणि त्यावर कास्ट. एकाच नियमाच्या या वेगवेगळ्या वाटा. चौथ्या पायरीत आपल्यालाही त्यांतली एक निवडायची आहे.

इथेच आणखी एक गल्लत होते. टाइम्स() नावाचं पॉसिक्स (युनिक्स-लिनक्सच्या मानकातलं) फंक्शनही क्लॉक_टी परत करतं, पण त्याचं एकक वेगळं. त्यासाठी सिसकॉन्फ या फंक्शनला टिकचा दर विचारावा लागतो, आणि तो लिनक्सवर साधारणपणे १०० येतो. टाइप एक, एककं दोन. टाइप दुरुस्त करताना ‘किंमतही जुळत नाही वाटतं’ म्हणून १०,००,००० चे १०० करणारा पॅच (कोडमधला बदल) पाठवू नका. किंमतीला हात लावायचा नाही.

पायरी २: आत्ता काय लिहिलंय ते बघा

आपल्या लायब्ररीचं हेडर उघडा. साधारण असं दिसेल:

टाइपडेफ अनसाइन्ड लाँग क्लॉक_टी;
#डिफाइन क्लॉक्स_पर_सेक १०००

१६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ६४ चा प्रीस्केलर (क्रिस्टलचे ठोके भागणारा), २५० मोजण्या: सेकंदाला १००० इंटरप्ट. आकडा चोख आहे. पण नुसतं १००० लिहिलं की सी मध्ये त्याचा टाइप इंट होतो, आणि एव्हीआरवर इंट १६ बिटांचा असतो. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात.

हेडर मोठं असेल, इफडेफांचं जंगल असेल, तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. जीसीसीला -ई आणि -डीएम हे पर्याय दिले की प्रीप्रोसेसरला दिसणारे सगळे मॅक्रो ओळीने छापले जातात. त्यात क्लॉक्स_पर_सेक शोधा. दोन हेडरमध्ये दोन व्याख्या असतील तर कुठली जिंकते ते तिथेच कळतं.

त्याच वेळी बघा की हा स्थिरांक नक्की कशा रूपात आहे: मॅक्रो, ईनम, की एक्स्टर्न कॉन्स्ट व्हेरिएबल. मॅक्रो असेल तर काम सोपं. ईनमचा मेंबर असेल तर तो सी२३ च्या आधीच्या सी मध्ये नेहमी इंटच असतो, कास्ट लावूनही; त्यामुळे तो काढून मॅक्रोच करावा लागेल. व्हेरिएबल असेल तर सातवी पायरी आधी वाचा.

पायरी ३: दोष आधी सिद्ध करा

इथे बहुतेक जण किंमत तपासणारी टेस्ट लिहितात: ४० गुणिले स्थिरांक बरोबर ४०,००० येतं का? लॅपटॉपवर चालवतात, पास होते, आणि सगळे चहाला जातात. लॅपटॉपवर इंट ३२ बिटांचा आहे, ४०,००० त्यात सहज मावतात. त्या टेस्टने काहीच सिद्ध होत नाही. टेस्ट टाइपची हवी, आणि ती कंपाइल होतानाच कळायला हवी:

_स्टॅटिक_असर्ट(
  _जेनेरिक((क्लॉक्स_पर_सेक), क्लॉक_टी: १, डिफॉल्ट: ०),
  "क्लॉक्स_पर_सेकचा टाइप क्लॉक_टी नाही");

_जेनेरिक सी११ पासून आहे, एव्हीआर-जीसीसीला ४.९ पासून येतं. याची खुबी अशी की टाइपचा आकार सारखा असला तरी तो टाइप वेगळे ओळखतो. ३२ बिटांच्या बोर्डावर इंट आणि लाँग दोन्ही चार बाइटचे असतात, साइझऑफने (तो फक्त आकार सांगतो) फरक दिसणार नाही, _जेनेरिकला दिसतो. त्यामुळे ही एकच ओळ लॅपटॉपवर, एव्हीआरवर, एआरएमवर सगळीकडे सारखाच निकाल देते. आत्ता ती फेल झाली पाहिजे. झाली नाही, तर तुम्ही भलत्याच हेडरवर टेस्ट चालवताय.

जुना कंपायलर असेल तर जीसीसीचं __बिल्टइन_टाइप्स_कंपॅटिबल_पी वापरा. तेही नसेल तर दोन साइझऑफची तुलना आणि शून्यातून एक वजा करून चिन्ह बघणं एवढंच हातात उरतं. अगदी पक्कं नाही, पण काही नसण्यापेक्षा बरं.

आता लक्षणांचा हिशोब लावून बघू, कारण शेतावरून फोन येतो तो लक्षणांचाच. डिले यूइंट८_टी मध्ये ठेवलाय, ० ते २५५ सेकंद. गुणाकाराआधी तो आपोआप इंट होतो, स्थिरांकही इंट, म्हणून गुणाकार १६ बिटांत:

३२ सेकंद: ३२,०००. मावतं. ठीक.
३३ सेकंद: ३३,००० मावत नाही, प्रत्यक्षात उणे ३२,५३६ मिळतं. क्लॉक_टी अनसाइन्ड (उणे संख्या नसणारा) असल्यामुळे तुलनेत त्याचे ४,२९,४९,३४,७६० मिलिसेकंद होतात, म्हणजे जवळजवळ ५० दिवस. मोटर चालू होत नाही.
६६ सेकंद: ६६,००० मधून ६५,५३६ गेले, उरले ४६४. अर्ध्या सेकंदात मोटर चालू.
९८ सेकंद: उरले ३२,४६४. साडेबत्तीस सेकंदांनी चालू, म्हणजे कोणाला संशयही येणार नाही.
९९ सेकंद: पुन्हा ५० दिवस.

मानकाच्या भाषेत साइन्ड ओव्हरफ्लो (उणे संख्याही धरणाऱ्या टाइपमध्ये उत्तर न मावणं) अपरिभाषित आहे, त्यामुळे कंपायलर बदलला की ही यादीही बदलू शकते. तुमच्या लायब्ररीत क्लॉक_टी साइन्ड लाँग असेल तर ३३ सेकंदांना चित्र उलटं: ‘गेलेला वेळ उणे ३२,५३६ पेक्षा जास्त आहे का?’ याचं उत्तर पहिल्याच क्षणी हो येतं आणि मोटर ताबडतोब उठते. डीपीवरच्या बाकीच्या मोटरींसोबत.

कंपायलर गप्प का बसतो? कोडमध्ये थेट ४० गुणिले स्थिरांक लिहिलं असतं तर जीसीसीने ओव्हरफ्लोची वॉर्निंग न मागता दिली असती. पण डिले व्हेरिएबलमध्ये आहे, त्याची किंमत कंपायलरला माहीत नाही. म्हणून जिथे खरा धोका आहे तिथेच वॉर्निंग येत नाही.

पायरी ४: दुरुस्तीचं रूप निवडा

वाटा दोन. पहिली, प्रत्यय:

#डिफाइन क्लॉक्स_पर_सेक १०००यूएल

दुसरी, कास्ट:

#डिफाइन क्लॉक्स_पर_सेक ((क्लॉक_टी)१०००)

प्रत्ययाचा फायदा हा की तो #इफ मध्ये चालतो. कास्ट तिथे चालत नाही: प्रीप्रोसेसरला टाइप माहीत नसतात, तो क्लॉक_टीच्या जागी ० धरतो, आणि ‘मिसिंग बायनरी ऑपरेटर’ अशी एरर येते जी पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीच सांगत नाही. असेंब्लीच्या फाइलीत हे हेडर घेतलं असेल तर तिथेही कास्ट मोडतो. प्रत्ययाचा तोटा: उद्या कोणी क्लॉक_टी बदलून यूइंट६४_टी केला तर स्थिरांक मागेच राहतो. एक्स३२ वर ग्लिबसीचं नेमकं हेच झालं होतं.

माझं मत कास्टच्या बाजूने आहे, पण एक थर मध्ये घालून:

#डिफाइन __टिक_दर १०००
#डिफाइन क्लॉक्स_पर_सेक ((क्लॉक_टी)__टिक_दर)

#इफ आणि असेंब्लीने आतला नुसता आकडा वापरायचा, सी कोडने बाहेरचा. आतल्या नावापुढचे दोन अंडरस्कोर लायब्ररीसाठी राखीव असतात. तुम्ही प्रमाण लायब्ररी लिहीत नसाल तर तिथे आपलं एखादं उपसर्गवालं नाव घाला.

बाहेरचा कंस गाळू नका. भागाकारात तो नसला तरी निभतं, कारण कास्ट भागाकाराच्या आधी लागतो. पण साइझऑफ क्लॉक्स_पर_सेक असं कोणी लिहिलं की कंसाविना ते ‘साइझऑफ (क्लॉक_टी)’ आणि पुढे लोंबकळणारा १००० असं वाचलं जातं आणि कंपाइल होत नाही.

डबल करायचा मोह टाळा. ‘भागाकार अपूर्णांकात येईल’ ही सोय वाटते, पण मग मॉड्युलो (भागाकाराची बाकी देणारा) ऑपरेटर चालत नाही, केस लेबलमध्ये चालत नाही, आणि एव्हीआरवर फ्लोटिंग पॉइंटचा सगळा कोड सॉफ्टवेअरने खेचून आणावा लागतो. अपूर्णांक हवा असेल तिथे वापरणाऱ्याने स्वतः डबलचा कास्ट लावावा.

पायरी ५: वापरणारे शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हेडरची दुरुस्ती एका ओळीची आहे. तिचे पडसाद कुठे कुठे उमटतात ते बघणं हे खरं काम. ग्रेपला -आरएन देऊन क्लॉक्स_पर_सेक शोधा आणि प्रत्येक ओळ वाचा. अमुक वॉर्निंग आली नाही म्हणजे ठीक, असं इथे चालत नाही. पुढच्या जागा मुद्दाम बघा.

इंटमध्ये उतरवलेली प्रत. ‘इंट टिक = क्लॉक्स_पर_सेक;’ असं लिहून पुढे सगळीकडे टिक वापरलेला असतो. हेडर दुरुस्त झालं तरी इथे किंमत पुन्हा इंटमध्ये आली, गुणाकार पुन्हा १६ बिटांत. -डब्ल्यूकन्व्हर्जन लावूनही जीसीसी काही बोलत नाही, कारण १००० इंटमध्ये मावतात हे त्याला कळतं. हे हातानेच शोधावं लागतं. मिलिसेकंद इंटमध्ये घेणारी फंक्शनंही त्यातच आली.

गुणाकाराचा क्रम. ठिबकचा व्हॉल्व्ह दिवसातून एकदा उघडायचा म्हणून कोणीतरी लिहिलंय: २४ * ६० * ६० * क्लॉक्स_पर_सेक. सी मध्ये हे डावीकडून उजवीकडे होतं. २४ गुणिले ६० गुणिले ६० म्हणजे ८६,४००, आणि ते स्थिरांकापर्यंत पोहोचायच्या आधीच १६ बिटांत फुटतं. आपल्या दुरुस्तीचा इथे काडीचा उपयोग नाही. स्थिरांक पुढे आणा: क्लॉक्स_पर_सेक * २४ * ६० * ६०. आता पहिल्याच गुणाकारापासून ३२ बिट, आणि ८,६४,००,००० आरामात मावतात. ही सवय मी कुठल्याही नव्या पोराला पहिल्या आठवड्यातच लावतो.

छपाई. डीबगसाठी सीरियलवर ‘%डी %डी’ असं लिहून स्थिरांक आणि आणखी एक इंट छापलेला असेल, तर दुरुस्तीनंतर एव्हीआरवर गंमत होते. स्थिरांक आता चार बाइटचा जातो, %डी दोनच उचलतो. पहिला आकडा १००० बरोबर दिसतो, दुसऱ्या जागी वरचे दोन बाइट येतात, म्हणजे ०. खरा दुसरा आकडा दिसतच नाही. -डब्ल्यूफॉरमॅट हे पकडतं. दुरुस्ती %एलयू, आणि समोर अनसाइन्ड लाँगचा कास्ट. क्लॉक_टी दुसऱ्या मशीनवर काय असेल याची खात्री नसते, म्हणून कास्ट हवाच.

चिन्ह. डिले किंवा दुरुस्ती उणे असू शकते का? उणे २ गुणिले अनसाइन्ड १००० म्हणजे ४,२९,४९,६५,२९६. ते सुरुवातीच्या वेळेत मिळवलं तर गुंडाळून बरोबर उत्तर येतं, पण त्याला भागलं किंवा तुलना केली की संपलं. अशी एकही जागा सापडली तर गणित साइन्ड लाँगमध्ये करून शेवटी क्लॉक_टी मध्ये न्या.

याच्या उलट घोळ ३२ बिटांच्या बोर्डांवर दिसतो. क्लॉक_टी साइन्ड लाँग आणि स्थिरांक १०००यू असेल, तर तिथे लाँगमध्ये सगळे अनसाइन्ड इंट मावत नाहीत म्हणून दोन्ही बाजू अनसाइन्ड लाँग होतात. उणे २००० भागिले १०००यू याचं उत्तर उणे २ येत नाही, ४२,९४,९६५ येतं. ६४ बिटांच्या लिनक्स लॅपटॉपवर लाँग मोठा असल्यामुळे तेच उत्तर उणे २. टेबलावर पास, बोर्डावर नापास.

सी++ मधून ही लायब्ररी वापरणारं कोणी असेल तर तिथे उलट आनंद होईल. एसटीडी::मिन ला दोन्ही बाजू एकाच टाइपच्या लागतात. गेलेला वेळ क्लॉक_टी आणि स्थिरांक इंट असताना ते कंपाइलच होत नसे, आता होईल.

आणि जुने उपाय: वापरणाऱ्यांनी जागोजागी (अनसाइन्ड लाँग) कास्ट लावून आपापली सुटका करून घेतलेली असते. ते काढायची घाई नको. निरुपद्रवी आहेत, आणि त्यांना हात लावला की पॅच फुगतो आणि वाचणाऱ्याचं लक्ष भलतीकडे जातं.

पायरी ६: बांधा, मोजा

-डब्ल्यूऑल, -डब्ल्यूएक्स्ट्रा, -डब्ल्यूसाइन-कंपेअर आणि -डब्ल्यूकन्व्हर्जन लावून सगळं बांधा. आधीच्या वॉर्निंगची यादी जपून ठेवलेली असेल तर नव्या कुठल्या ते डिफने लगेच दिसतं. साइन-कंपेअरच्या नव्या वॉर्निंग येतीलच. त्या आपल्या दुरुस्तीने पैदा झालेल्या नसून उघड झालेल्या आहेत, एकेक वाचा.

बांधण्याआधी मेक क्लीन करा. मेकफाइलमध्ये हेडरच्या अवलंबनांची नोंद नसेल तर हेडर बदललं तरी जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतात, आणि अर्धा कोड जुन्या इंटवर, अर्धा नव्या क्लॉक_टीवर चालतो. -एमएमडी लावलेलं असेल तर हा प्रश्न नाही.

लॅपटॉपवर -एम३२ ने एकदा आणि तसंच एकदा बांधा. उबुंटूवर त्यासाठी जीसीसी-मल्टिलिब लागेल. तिथे -एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड लावून टेस्ट चालवली तर साइन्ड ओव्हरफ्लो चालू असताना पकडला जातो. फक्त १६ बिटांचा इंट लॅपटॉपवर मिळत नाही हे विसरू नका. डेस्कटॉपवर हाच रोग बघायचा असेल तर स्थिरांक इंट १०,००,००० करून ३६०० ने गुणा: जीसीसी सांगतो की उत्तर उणे ६९,४९,६७,२९६ येतंय.

चिपवर आकार किती वाढला ते एव्हीआर-साइझने बघा. इंटचा गुणाकार आता ३२ बिटांचा झाला, तेवढा फ्लॅश वाढेल. क्लॉक() भागिले स्थिरांक ही जागा आधीपासून ३२ बिटांचीच होती, तिथे काही वाढत नाही. ३२ किलोबाइटच्या फ्लॅशमध्ये ही वाढ जाणवू नये. जाणवलीच तर चिप आधीच काठोकाठ भरलेली होती.

मग बोर्डावर तपासा. मोटर, कॉन्टॅक्टर काही जोडायचं नाही, रिलेच्या जागी एलईडी पुरे. डिले ३२, ३३, ६५, ६६, ९८, ९९ आणि २५५ लावा आणि फोनच्या स्टॉपवॉचने बघा. गोल आकडे लावून समाधान मानू नका. वरच्या यादीप्रमाणे बिघाड याच काठांवर असतो.

पायरी ७: जुन्या बायनरी आणि साठवलेल्या किमती

मॅक्रो वापरणाऱ्याच्या कोडमध्ये जाऊन बसतो, म्हणून नवी लायब्ररी नुसती लिंक करून भागत नाही. वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल व्हायला हवा. स्थिरांक एक्स्टर्न कॉन्स्ट व्हेरिएबल असेल आणि लायब्ररी शेअर्ड असेल, तर प्रकरण गंभीर आहे. टाइप बदलला की त्या नावामागचे बाइट बदलतात, जुना प्रोग्रॅम जुन्याच आकाराने वाचतो. अशा वेळी जुनं नाव जसंच्या तसं ठेवा, नवं नाव योग्य टाइपने द्या, आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत लायब्ररीचा सोनेम (तिची आवृत्ती सांगणारं नाव) वाढवून जुनं काढा.

कार्डवर ईईप्रॉम (लाईट गेली तरी टिकणारी मेमरी) असतो. डिले सेकंदांत साठवला असेल तर काही करायला नको. मिलिसेकंदांत, दोन बाइटमध्ये साठवला असेल, तर तिथे आधीच कापलेली किंमत पडून आहे; नव्या फर्मवेअरने पहिल्यांदा चालू होताना ती ओळखून टाकून द्यावी आणि डिले पुन्हा विचारावा. शेतातल्या पॅनेलमध्ये कार्ड बदलायला जाणाऱ्या माणसाच्या हातात ही सूचना लेखी द्या, नाहीतर दुरुस्त फर्मवेअर घालूनही मोटर ४६४ मिलिसेकंदांतच उठेल.

पायरी ८: पॅच लिहा

कमिट वेगळे ठेवा. पहिल्यात फक्त हेडरची ओळ आणि स्टॅटिक असर्ट. दुसऱ्यात इंटच्या प्रती, गुणाकाराचे क्रम, छपाई. तिसऱ्यात ईईप्रॉम, लागला तर. उद्या कोणाला मागे जाऊन शोधायचं झालं तर गिट बायसेक्ट नेमक्या कमिटवर येऊन थांबतो.

संदेशात ‘टाइप दुरुस्त केला’ एवढंच लिहू नका. मानकाचं कलम, आधीचा टाइप, कुठल्या मशीनवर काय बिघडत होतं आणि किंमत बदललेली नाही, हे चारही लिहा. ३३ सेकंदांचं उदाहरण घाला. कलम वाचून न पटणारा माणूस ते वाचून पटतो. #इफ मध्ये हा मॅक्रो आता चालणार नाही, त्यासाठी कुठलं नाव वापरायचं, हेही त्यातच.

दुरुस्तीने काय होत नाही, तेही दस्तऐवजात लिहा, नाहीतर पुढची तक्रार तुमच्याच नावावर येते. ३२ बिटांचा अनसाइन्ड मिलिसेकंदाचा काउंटर सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. ‘आत्ता वजा सुरुवात’ अशी वजाबाकी करणारा कोड त्यातून तरतो, ‘आत्ता मोठा की सुरुवात अधिक डिले मोठा’ असं विचारणारा तरत नाही. डेस्कटॉपवर ३२ बिटांचा साइन्ड क्लॉक_टी आणि सेकंदाला १०,००,००० असेल तर काठ २,१४७ सेकंदांवरच, म्हणजे पावणेछत्तीस मिनिटांच्या आसपास. शिवाय लिनक्सवरचं क्लॉक() प्रोसेसरने खर्च केलेला वेळ मोजतं, प्रोग्रॅम झोपलेला असतानाचा नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ हवा असेल तर क्लॉक_गेटटाइम आणि मोनोटॉनिक घड्याळ वापरा. एव्हीआरवर आणखी एक: आठ बिटांची चिप चार बाइटचा काउंटर चार घासांत वाचते, मध्येच इंटरप्ट आला तर अर्धा जुना अर्धा नवा आकडा हाती येतो. क्लॉक() च्या आत वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद केलेले आहेत ना, ते हेडर उघडलंच आहे तर बघून घ्या.